पित्त की हृदयाचा झटका?

आबांचे वय ५२. नांगरणीचे दिवस होते. दुपारी आबांना छातीत जड वाटू लागले. दरदरून घाम सुटला. डावा हात भरून आला. ते बांधावर बसले.

बायको म्हणाली, "चला, दवाखान्यात जाऊ."

"काही नाही गं, पित्त झालंय. घोटभर पाण्यात खायचा सोडा दे."

तासाभराने बरे वाटले. आबा पुन्हा कामाला लागले.

चार महिन्यांनी त्यांना धाप लागू लागली. विहिरीची चढण चढवेना. मग ते तालुक्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी ईसीजी काढला. ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा कागदावर उमटलेला आलेख. तो पाहून डॉक्टर म्हणाले, "आबा, तुम्हाला मागे हृदयाचा झटका येऊन गेलाय."

"मला? मी तर एक दिवस खाटेवर पडलो नाही!"

बायको हळूच म्हणाली, "बांधावर बसला होता, तो दिवस आठवा."

असे खरेच होते का? होते, आणि पुष्कळांचे होते. अमेरिकेत १९८७ साली एक मोठी पाहणी सुरू झाली. तीत ४५ ते ६४ वर्षांच्या माणसांचे ईसीजी पुन्हा पुन्हा काढले. २०१६ साली तिचे आकडे छापून आले. ९,४९८ माणसे होती. आरंभी कोणालाही हृदयाचा आजार नव्हता. पुढच्या सुमारे नऊ वर्षांत ७०३ जणांना झटका आला. ३८६ जणांचा झटका ओळखला गेला. ३१७ जणांचा कोणाला कळलाच नाही. म्हणजे शंभरांत पंचेचाळीस!

न कळलेला झटका हलका नसतो. पाटात माती ढासळली की पुढचा वाफा सुकतो. तसेच रक्ताच्या वाहिनीत गुठळी अडकली की हृदयाचा पुढचा भाग मरतो. तो पुन्हा जिवंत होत नाही. न कळलेला झटका येऊन गेलेल्या माणसांना हृदयविकाराने मरण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट आढळला.

मग झटका कळत का नाही? कारण प्रत्येकाच्या छातीत कळ येतेच असे नाही. कुणाला नुसता घाम येतो, मळमळते, धाप लागते. कुणाचा जबडा, पाठ किंवा खांदा दुखतो. बायकांना पुष्कळदा फार थकवा येतो. मधुमेह असला तर कधीकधी कळ जाणवतही नाही.

प्रत्येक पित्त म्हणजे झटका नव्हे. पण ते घरी बसून ठरवता येत नाही. असे काही अचानक झाले तर काम थांबवा. चालत जाऊ नका. १०८ क्रमांकाला फोन करा. महाराष्ट्रात ही गाडी फुकट येते. रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखू-विडीची सवय असेल तर आधीच तपासून घ्या.

दवाखान्यातून "नुसते पित्त आहे" असे ऐकून परत आलात, तर फेरी फुकट गेली असे म्हणू नका.

प्रश्न
१. आबांना त्या दुपारी काय काय झाले?
२. तुमच्या घरी असे झाले तर तुम्ही काय कराल?