घोडा पिवळा पडला, पैसे कुठे घालाल?

ऐन लग्नसराईत घोड्याने चंदी सोडली, डोळे पिवळे दिसताहेत? आदिलाबादेत पहिला फोन 1962 ला करा. पशुवैद्यकाच्या फिरत्या पथकाचा हा नंबर आहे, मोफत. घोडा भिंतीला डोकं लावून उभा असेल किंवा गोल गोल फिरत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. बिघडलेल्या यकृतामुळे असं होतं, पण रेबीजमध्येही होतं. म्हणून तोंडात हात घालून काढा पाजायच्या भानगडीत पडू नका.

रक्त माणसांच्या लॅबमध्येही तपासून मिळतं. ‘लिव्हर पॅकेज’चे पैसे भरण्याआधी त्यात जीजीटी आहे का, ते विचारा. एसजीपीटीवरून घोड्याच्या यकृताचं फारसं काही कळत नाही. रिपोर्टवरच्या लाल खुणांना घाबरू नका, ती मापं माणसाची. निरोगी घोड्याचं बिलिरुबिन 2 असू शकतं, आणि दोन दिवस उपाशी राहिला तर धडधाकट यकृताचा घोडाही पिवळा पडतो. गोचिडांच्या तापातही कावीळ दिसते, तिचं औषध वेगळं. रक्ताची काचपट्टी तपासायला सांगाच.

डॉक्टर तीन गोष्टी विचारतील. बुरशीचा मका घातला का? (स्वस्त पडलेलं पोतं इथेच महाग पडतं.) वैरणीत खुळखुळा आला का? चार ते दहा आठवड्यांपूर्वी जखमेसाठी धनुर्वाताचं सिरम टोचलं होतं का? सिरम आणि लस वेगळी. चिठ्ठी जपून ठेवा. माळेगावच्या यात्रेतून घोडा आणत असाल, तर लशीची तारीख विकणाऱ्याकडून लिहून घ्या.

न्यायचंच ठरलं तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुमारे 200 किलोमीटर, कोरुटल्याचं त्याहून जवळ. घोडा दाखल करून घेतील का, ते आधी फोनवर विचारा. सोबत प्रवासासाठी पशुवैद्यकाचा दाखला, औषधांच्या चिठ्ठ्या, पिशवीभर चंदी आणि वैरण घ्या. गाडीचं भाडं जाऊन-येऊन ठरवा. किलोमीटरला 20 रुपये धरले तरी नागपूरचे 8,000 होतात. टोल, मुक्काम, चढवण्या-उतरवण्याची मजुरी त्यात धरली का, हे गाडी हलण्याआधी वदवून घ्या.

मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून टोचू नका; जनावरांसाठी ते 2006 पासून बंद आहे. घोडा सावलीत बांधा. यकृत बिघडलं की उन्हाने पांढऱ्या ठिपक्यांवरची कातडी भाजते, आणि मग मलमपट्टीचा खर्च वेगळा.