भिंतीवरील लेख

इंग्रजी वर्तमानपत्रांत 'भिंतीवरील लेख' हा वाक्प्रचार वारंवार आढळतो. एखाद्या राज्याचा अथवा व्यापाराचा नाश जवळ आल्याची चिन्हे उघड दिसू लागली, म्हणजे इंग्रज लोक म्हणतात की लेख भिंतीवर उमटला आहे. हे बोलणे दानीएलाच्या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायातून निघाले आहे.

बेलशस्सराने यरुशलेमातील मंदिराची पात्रे मेजवानीत आणवून त्यांतून द्राक्षारस प्राशन केला, तेव्हा मनुष्याच्या हाताची बोटे भिंतीच्या गिलाव्यावर लिहू लागली, ही कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. 'मने, मने, तकेल, ऊफारसीन' हे शब्द मात्र गूढ मंत्र नव्हेत. ते अरामी भाषेतील असून तेथल्या बाजारातील वजनांच्या नावांशी जुळतात. तकेल म्हणजे शेकेल, सुमारे पाऊण तोळ्याचे वजन. बाबेलात साठ शेकेलांचा एक मने होत असे. आमच्याकडे कोणी भिंतीवर 'शेर, शेर, तोळा, अर्धे' असे लिहावे, तसाच तो प्रकार. दानीएलाने त्याच शब्दांतून मोजणे, तोलणे व विभागणे हे अर्थ उलगडून दाखविले. शेवटल्या शब्दात पारस देशाचे नावही ऐकू येते. इ. स. पूर्व ५३९ साली पारसाच्या सैन्याने बाबेल घेतले.

दानीएलास राज्यातील तिसरे स्थान का मिळाले, दुसरे का नव्हे? बेलशस्सराचा बाप नबोनिद हाच मुख्य राजा होता. १८५४ साली ऊर येथे सापडलेल्या मातीच्या लेखांत नबोनिदाने ह्या पुत्राचे नाव घेतले आहे. जो स्वतःच दुसरा, तो तिसऱ्याहून अधिक काय देणार?

हा पाठ शिकविताना उपदेशकांनी एक गोष्ट जपावी. लेख म्हटला की आमच्या लोकांस सटवाईने कपाळी लिहिलेला लेख आठवतो. मूल तापाने फणफणले तरी 'लिहिले असेल ते होईल' असे म्हणून मायबाप बसून राहतात; ख्रिस्ती घरांतही हे बोल आम्ही ऐकिले आहेत. परंतु कपाळीचा म्हणून मानलेला लेख कर्मापूर्वीचा, कारण न सांगणारा. भिंतीवरील लेख हिशेब झाल्यावरचा होय. दानीएल प्रथम नबुखद्नेस्सराची हकीकत सांगतो आणि मग राजास म्हणतो की, हे सर्व ठाऊक असूनही तू नम्र झाला नाहीस (२२ वे वचन पाहावे).

इंग्रज लोक हा वाक्प्रचार वेळीच सावध करण्यासाठीही योजितात, ते मूळ कथेस धरून नाही. बेलशस्सर त्याच रात्री मारला गेला. अवधी मिळालेल्यांची कथा सांगावयाची असल्यास निनवेची घ्यावी. तेथे ४० दिवस होते.