बिनचिठ्ठीचा डबा

देहूरोड

चि. बाळ,

परवा तू आलास तेव्हा ताईने धुवायला कपडे काढले, त्यात एक पांढरा डबा निघाला. आत गुलाबी गोळ्या, बाहेर साधी चिठ्ठी नाही. तू म्हणालास, "वस्तादांनी दिल्यात, ताकदीच्या आहेत." मी इथल्या डेपोत तीस वर्षं काढली. नाव-नंबर नसलेली पेटी आम्ही हातात घेत नव्हतो. आणि तू असल्या गोळ्या पोटात घेणार?

नरसिंग यादव आठव. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी, २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी त्याच्या नमुन्यात मेटान्डिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. कुणीतरी खाण्यापिण्यात कालवलं, असं तो म्हणाला आणि नाडाने, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने, ते मानलं. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाला ते पटलं नाही. १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी आली. तेव्हा मी फार चिडलो होतो. आज वाटतं, नियम कडक आहे, पण हवाच. 'मला माहीत नव्हतं' एवढ्यावर सोडत गेलं, तर घरच्या खुराकावर घाम गाळणाऱ्या पोराने कुणाकडे बघायचं?

माप मात्र सगळ्यांना एकच नको. क्रिकेटपटू पृथ्वी शॉच्या नमुन्यात २०१९ साली खोकल्याच्या औषधातलं टर्ब्युटालिन निघालं. ते नकळत गेलं हे बीसीसीआयने मानलं आणि आठ महिन्यांवर भागवलं. योग्य केलं.

मला सलतो तो देणारा. नियमात त्यालाही शिक्षा आहे, थेट आजन्म बंदीपर्यंत. पण पोरं त्याचं नाव घेत नाहीत. वस्तादाचा शब्द मोडायचा नाही, हे तालमीत पहिल्या दिवशी शिकवतात. मीही तुला तेच सांगून लाल मातीत उतरवलं होतं. गोळीच्या बाबतीत तो शब्द मी मागे घेतो. नमुना द्यायला तुझं नाव पुकारतात, वस्तादांचं नाही.

डबा माझ्याकडे आहे. त्यांना सरळ विचार: औषधाचं नाव काय, आणलं कुठून, बिल कुठे? उत्तर टाळलं तर रविवारी घरी ये, दुसरी तालीम बघू. आणि गोळ्या आधीच घेतल्या असशील तर माझ्यापासून लपवू नकोस. नाडाला आपण होऊन कळवू, मी सोबत येईन. शिक्षा होईल ती भोग, पण देणाऱ्याचं नाव सांग.

तुझा,
मामा