कामाचा ताण आणि कलोपचार

हैदराबाद येथील काचीगुडा रेल्वे स्थानकाची घुमटांनी शोभणारी इमारत १९१६ साली उभी राहिली. मराठवाड्यातून येणाऱ्या प्रवाशांना ती परिचित आहे. प्रवासी क्षणभर तिचे सौंदर्य न्याहाळतो. परंतु अशा स्थानकात रात्रपाळी करणाऱ्या कर्मचाऱ्यास मान वर करण्याचीही सवड नसते. गाडीची वेळ, खिडकीवरील रोकड, सिग्नल यांत यत्किंचितही चूक चालत नाही. शिक्षक, ग्रामसेवक व परिचारिका यांच्या वाट्यालाही असाच ताण येतो. तो हलका करण्याचा एक मार्ग म्हणजे कला होय.

श्रम आणि कला यांचे नाते आपणांस नवे नाही. पहाटे जात्यावर बसलेली स्त्री ओवी गाई, तेव्हा दळणाचा शीण व मनातील सल दोन्ही हलके होत. या अनुभवास वैद्यकाची जोड पुढे मिळाली. ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी क्षयरोगातून बरे होताना चित्रे काढली आणि १९४२ मध्ये ‘कलोपचार’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा योजिली.

अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३९ प्रौढांना कागद, रंगीत पेन, माती व कात्रणे देऊन ४५ मिनिटे मनासारखे काम करू दिले. सुमारे ७५ टक्के व्यक्तींच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित संप्रेरक घटले. चित्रकलेचा पूर्वानुभव असो वा नसो, परिणामात फरक आढळला नाही. मात्र गट लहान होता व तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही ध्यानी घ्यावे.

हा प्रयोग शाळेत, ग्रामपंचायतीत वा कार्यालयात सहज करता येईल. आठवड्यातून एकदा पाऊण तास राखून ठेवावा. कोरे कागद, खडू, शाडूची माती वा रांगोळी पुरेशी आहे. विषय, स्पर्धा, गुण व बक्षीस नसावे. कोणाचेही चित्र त्याच्या संमतीवाचून भिंतीवर लावू नये. वरिष्ठांनीही सर्वांसमवेत बसावे. तपासणीस म्हणून नव्हे.

दोन मर्यादा विसरू नयेत. हा विरंगुळा म्हणजे प्रशिक्षित तज्ज्ञाचा उपचार नव्हे. झोप उडाली, उदासी हटेना, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. तसेच, दोघांचे काम एकावर लादून त्याच्या हाती रंगपेटी देणे हा उपाय नव्हे. कामाचे तास माफक व विश्रांती पुरेशी असेल, तरच कला मनास खरा विसावा देईल.