आधी कोण? नंतर कोण?

विद्यार्थिमित्रांनो, 5 या संख्येला 2 ने गुणा आणि मग तीत 3 मिळवा. उत्तर 13. आता आधी 3 मिळवा आणि मग 2 ने गुणा. उत्तर 16! क्रिया त्याच, पण क्रम बदलला की उत्तर बदलले. संगणकावरील खेळात मॉड बसवताना नेमका हाच नियम पुष्कळांना नडतो.

मॉड म्हणजे मूळ खेळात फेरफार करणारी जोडफाईल. 2011 साली निघालेल्या 'स्कायरिम' या खेळाचे उदाहरण घेऊ. यातील प्रत्येक वस्तूची एक नोंद असते. लोखंडी तलवारीची मूळ नोंद पाहा: वजन 9, किंमत 25. समजा, 'क' या मॉडने वजन 6 केले आणि 'ख' या मॉडने किंमत 40 केली. दोन्ही बसवल्यावर तलवार कशी होईल? वजन 6 आणि किंमत 40, असे तुम्ही म्हणाल. पण तसे होत नाही! खेळ सुरू होताना फाईली एकामागून एक वाचल्या जातात आणि जी शेवटी वाचली जाते तिची संपूर्ण नोंद ग्राह्य धरली जाते. 'ख' शेवटी असेल तर वजन 9, किंमत 40. 'क' शेवटी असेल तर वजन 6, किंमत 25. दोन्ही बदल हवे असतील, तर दोहोंचा मेळ घालणारी तिसरी छोटी फाईल करून ती सर्वांत शेवटी ठेवावी लागते. तिला 'पॅच' म्हणजे ठिगळ म्हणतात.

आता 'ग' हे मॉड फक्त एक नवे घर बांधते. पण ते करणाऱ्याने तलवारीची नोंद सहज उघडली आणि काही न बदलता तशीच जतन केली. 'ग' शेवटी आले की वजन 9, किंमत 25! 'क' आणि 'ख' या दोघांचीही मेहनत वाया. अशा निरर्थक नोंदींना 'मळ' म्हणतात. 'एक्सएडिट' हे साधन प्रत्येक नोंद मूळ फाईलशी ताडून पाहते आणि हुबेहूब सारख्या नोंदी काढून टाकते. मात्र सावधान! कधी कधी मॉडकर्त्याने मूळ नोंद मुद्दाम परत आणलेली असते. म्हणून मॉडसोबतची माहिती वाचल्याशिवाय सफाई करू नका आणि आधी फाईलींची प्रत काढून ठेवा.

दुसरा मळ अधिक घातक असतो. एका मॉडने एखादी वस्तू पुसून टाकली आणि दुसरे मॉड तीच वस्तू शोधू लागले, तर खेळ एकाएकी बंद पडू शकतो. उपाय सोपा आहे: वस्तू पुसायची नाही, फक्त निष्क्रिय करायची.

आता क्रम कसा लावावा? 10 मॉडांचे 36,28,800 क्रम होतात. सगळे करून पाहणे अशक्य! पण 'क आधी, ख नंतर' असे नियम ठाऊक असतील तर काम सोपे होते. ज्याच्या आधी कोणीही यायला नको असे मॉड निवडा, यादीत लिहा, त्याचे नियम खोडा आणि पुन्हा तेच करा. ही रीत ए. बी. कान यांनी 1962 साली मांडली होती. मॉडांचा क्रम लावणारे 'लूट' हे साधनही अशाच नियमांवर चालते. मध्येच निवडण्याजोगे एकही मॉड उरले नाही, तर नियमांतच फेरा आहे असे समजा: क आधी ख, ख आधी ग आणि ग आधी क! मग एखादे मॉड सोडावेच लागते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. खेळ अर्ध्यावर असताना मॉड काढून टाकले, तर जतन केलेल्या खेळात त्याचे अवशेष राहतात आणि महिनाभराचा खेळ बिघडू शकतो. म्हणून सफाई आणि क्रम हे आधी; खेळ नंतर. आणि एका वेळी एकच बदल करा, म्हणजे चूक कोठे झाली ते कळते. प्रयोगशाळेतही आपण हेच करतो, नाही का?

करून पाहा: क, ख, ग, घ ही चार मॉडे आहेत. क हे ख च्या आधी, ख हे घ च्या आधी आणि ग हे घ च्या आधी हवे. एकूण 24 क्रमांपैकी किती चालतील? (उत्तर: 3)