मांगुरातील फीतकृमी : नवी जात कशी ठरते?

गडचिरोली-चंद्रपूर भागातील मामा तलावांत व बोड्यांत धरलेला देशी मांगूर साफ करताना आतड्यात कधी कधी पांढरट, चपटे कृमी दिसतात. त्यांची थोडी माहिती करून घेऊ.

ओळख : शेळ्या-मेंढ्यांतील फीतकृमीचे शरीर अनेक खंडांचे असते. मांगुरात आढळणाऱ्या या गटाचे शरीर मात्र अखंड असून त्यात जननेंद्रियांचा एकच संच असतो. अंडी माशाच्या विष्ठेतून पाण्यात पडतात. गाळातील बारीक गांडूळवर्गीय प्राणी ती खातात व त्यांना मांगूर खातो. असे हे चक्र चालते.

नावांचा गोंधळ : मोघे यांनी १९२५ मध्ये मांगुरातील एका कृमीची नवी जात म्हणून नोंद केली. आज ती 'लायटोसेस्टस इंडिकस' या नावाने ओळखतात. पुढे मांगुरातूनच पन्नासाहून अधिक जातींची नावे पुढे आली. अनिर्बाण अ‍ॅश, टॉमस शोल्झ व सहकाऱ्यांनी नवे तसेच संग्रहालयांतील जुने नमुने ताडून पाहिले. २०११ मध्ये त्यांनी आठच जाती ग्राह्य धरल्या. मोघे यांची जात त्यांत टिकली.

असे का होते? मेलेल्या माशातला कृमी लवकर कुजतो. काचपट्ट्यांमध्ये दाबला तर पसरतो, आखडला तर लहान भरतो. मापे बदलली की एकाच जातीला दुसरे नाव मिळते. म्हणून नमुना ताजा हवा, जपून ठेवलेला हवा आणि इतरांना पुन्हा तपासता आला पाहिजे.

आपण काय करावे?

१. कृमी आढळलेल्या तलावातील जिवंत मांगूर थोड्या पाण्याच्या डब्यात घालून जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे न्यावा. मांगूर हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे तो वाटेत तग धरतो.

२. तलावाचे नाव, तारीख व माशाची लांबी चिठ्ठीवर लिहावी.

३. फॉर्मॅलिन स्वतः हाताळू नये.

४. माशांची आतडी तलावात टाकू नयेत, खोल पुरावीत.

५. बोडी आटल्यावर तळ उन्हात चांगला तापू द्यावा. त्यामुळे गाळातील कृमींचे वाहक कमी होतात.

कृमीची जात नेमकी कळली, तरच त्याचे चक्र कोठे तोडायचे हे ठरवता येते. त्यासाठी लागणारा चांगला नमुना तुमच्याच जाळ्यात असतो.