स्वयंसेवी पर्यटन : चेन्नईची कासव-फेरी

पर्यटक एखादे स्थळ पाहतो, पैसे खर्च करतो आणि परततो. त्याने त्या स्थळासाठी काही तास श्रमही केले, तर त्यास स्वयंसेवी पर्यटन म्हणता येईल. लहान गट, थोडे साहस आणि उपयुक्त काम ही त्याची अंगे होत. यासाठी परदेशी उदाहरण शोधण्याचे कारण नाही.

१९७० च्या दशकाच्या आरंभी रोम्युलस व्हिटेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रासच्या किनाऱ्यावर रात्री पायी फिरून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी शोधण्यास प्रारंभ केला. १९८८ मध्ये विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स सी टर्टल कन्झर्व्हेशन नेटवर्क’ स्थापन करून हे काम पुढे नेले. विणीच्या हंगामात, मुख्यतः जानेवारी ते मार्च, कार्यकर्ते नीलंकरै ते बेझंट नगर हे सुमारे ७ किलोमीटर अंतर रात्री वाळूतून तुडवतात. काही रात्री सामान्य नागरिकही सोबत असतात. मादीच्या पाऊलखुणांवरून घरटे ओळखले जाते. त्यातील शंभरएक अंडी कुंपण घातलेल्या उबवण केंद्रात तितक्याच खोलीवर पुन्हा पुरतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी निघालेली पिले समुद्रात सोडली जातात. अंडी हलवावी लागतात, कारण कुत्री ती उकरतात आणि शहराच्या दिव्यांमुळे पिले समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतात. (पिलाचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरते, म्हणून उबवण केंद्राची जागा व सावली हा किरकोळ तपशील नव्हे.)

अर्थशास्त्राच्या दृष्टीने समुद्री कासवाला मालक नाही. त्याच्या रक्षणाचा लाभ कोणालाही नाकारता येत नाही, म्हणून बाजारपेठ त्यासाठी पैसे मोजत नाही. ही उणीव येथे विनामूल्य श्रम भरून काढतात. परंतु त्यांची मर्यादा जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट झाली. त्या महिन्यात चेन्नई परिसराच्या किनाऱ्यावर शेकडो मृत कासवे वाहून आली. श्वासासाठी पृष्ठभागावर यावे लागणारे कासव ट्रॉलरच्या जाळ्यात अडकले की गुदमरते. कायद्यानुसार तमिळनाडूत यांत्रिक नौकांना किनाऱ्यापासून ५ सागरी मैलांच्या आत मासेमारीस मनाई आहे. अंमलबजावणी मात्र दुबळी आहे. पूर्व किनाऱ्यावरील ६१ दिवसांची मासेमारी बंदी १५ एप्रिलला सुरू होते, तेव्हा वीण जवळजवळ आटोपलेली असते! हजारांत एखादेच पिलू प्रौढ होते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. त्यामुळे एका प्रौढ मादीची हानी काही घरटी वाचवून भरून निघत नाही.

खर्चाची वाटणीही विषम आहे. फेरीत चालणाऱ्याची एक रात्रीची झोप जाते. कासवांना बाहेर पडण्यास वाट देणारे साधन जाळ्यास बसवले, तर थोडी मासळीही निसटते आणि तो तोटा नौकामालक व खलाशांच्या वाट्याला येतो. त्याची भरपाई कोणी करावी, हा धोरणाचा खरा प्रश्न आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे वेगळी मांडणी दिसते. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ पासून तेथे संरक्षणकार्य सुरू केले. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे ग्रामस्थांच्या घरी उतरतात, जेवतात आणि पैसे गावातच राहतात. तेथे घरटी सांभाळणारेही गावकरीच असतात. चेन्नईच्या फेरीचा मार्ग मच्छीमार वस्त्यांवरूनच जातो, पण चालणारा पहाटे आपल्या घरी परततो. वस्तीला त्यातून मिळकत अशी होत नाही.